शाळेजवळचे घर : विकत मिळते ते अंतर, प्रवेश नव्हे

मुंबई-नवी मुंबईत घर परवडेनासे झालेल्या मध्यमवर्गाची नजर आता पेण, रोह्यापर्यंत पोहोचली आहे. मुलांची शाळा जवळ असावी, म्हणून अनेक कुटुंबे घरासाठी चार पैसे जास्त मोजायला तयार होतात. पण या जास्तीच्या पैशांच्या बदल्यात नेमके काय पदरात पडते, याचा विचार फारसा होत नाही. कायदा काय सांगतो, हिशेब काय सांगतो आणि जाहिरात काय सांगत नाही, याचा हा आढावा.

मराठी मध्यमवर्गाने घर आणि शाळा या दोन गोष्टींची सांगड फार पूर्वीच घातली. १९२१ मध्ये सुरू झालेली पार्ले टिळक आणि १९४० मध्ये दादासाहेब रेगे यांनी स्थापन केलेली बालमोहन या शाळांभोवती पार्ले आणि दादरमधील कित्येक पिढ्यांचे आयुष्य फिरत राहिले. मूल चालत शाळेत जावे, दुपारी घरी जेवायला यावे, शिक्षक बाजारात भेटावेत, हे त्या शेजाराचे स्वरूप होते. उपनगरे विस्तारत गेली तशी ही घडी विसकटली. मुले शाळेच्या बसमध्ये तास-तास बसू लागली आणि 'शाळा जवळ' ही बाब घराच्या जाहिरातीत ठळक अक्षरांत झळकू लागली.

हीच जाहिरात आता मुंबईच्या सीमा ओलांडून रायगड जिल्ह्यात उतरली आहे. पेण आणि रोहा ही दोन्ही तालुक्याची गावे. दोन्हीकडे रेल्वे आहे, नगरपरिषद आहे, जुन्या शिक्षणसंस्था आहेत आणि लगत उद्योगही आहेत. पेण तालुक्यात डोलवीचा पोलाद प्रकल्प, तर रोह्याजवळ धाटवची औद्योगिक वसाहत. कारखान्यातील नोकरीसाठी बाहेरून येणारे तरुण कुटुंब असो किंवा पनवेलपर्यंत रोज ये-जा करण्याची तयारी ठेवून मुंबईतले भाड्याचे घर सोडणारे कुटुंब असो, त्यांचा पहिला प्रश्न पाण्याचा आणि दुसरा शाळेचा असतो. घर घेण्याचा निर्णय अनेकदा या दुसऱ्या प्रश्नावरच ठरतो.

दोन गावे, दोन बाजार

वरकरणी सारख्या दिसणाऱ्या या दोन गावांचा घरबाजार मात्र सारखा नाही. पेण शहर मुंबई महानगर प्रदेशात मोडते. रोहा त्याबाहेर आहे. शिवडी-न्हावाशेवा अटल सेतूचे उद्‍घाटन १२ जानेवारी २०२४ रोजी झाले. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्य सरकारने उरण, पनवेल आणि पेण या तालुक्यांतील १२४ गावांच्या नव्या नगरासाठी एमएमआरडीएला विकास प्राधिकरण नेमले. नवी मुंबई विमानतळाचे उद्‍घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि त्याच वर्षीच्या २५ डिसेंबरपासून तेथून प्रवासी वाहतूक सुरू झाली. या प्रत्येक घोषणेबरोबर पेण परिसरातील जमिनीची चर्चा वाढत गेली. तेथील घराच्या किमतीत आजची सोय कमी आणि उद्याची अपेक्षा अधिक, असे मिश्रण असते.

अपेक्षेचा हा खेळ पेणला नवा नाही. महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्राच्या वेळीही असेच वारे वाहिले होते. हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांत २१ सप्टेंबर २००८ रोजी सरकारला शेतकऱ्यांचे मत अजमावावे लागले आणि पुढे तो प्रकल्पच बारगळला. नकाशावर रंग भरले म्हणजे नगर वसत नाही, हा धडा पेणकरांनी एकदा गिरवला आहे. सप्टेंबर २०१० मध्ये रिझर्व्ह बँकेने पेण अर्बन सहकारी बँकेवर निर्बंध आणले आणि सामान्य ठेवीदारांची आयुष्यभराची पुंजी अडकली. बँकेतल्या पैशांपेक्षा विटा-सिमेंट बरे, ही भावना अशा अनुभवातून बळावली तर नवल नाही. तरीही विटा-सिमेंटमधली गुंतवणूक आणि मुलाच्या शाळेची सोय हे दोन स्वतंत्र विषय आहेत. ते एकाच व्यवहारात मिसळले, की दोन्हींचा हिशेब चुकतो.

रोह्याचे गणित साधे आहे. दिवा-पनवेलकडून येणारी मध्य रेल्वेची हद्द येथे संपते आणि कोकण रेल्वे येथून सुरू होते. मुंबई-गोवा महामार्ग रोह्यातून जात नाही. कोलाड किंवा नागोठण्याहून आत यावे लागते. त्यामुळे येथे घर घेणारा बहुधा राहण्यासाठीच घेतो. धाटवमध्ये काम करणाऱ्याला पनवेलच्या विमानतळाशी फारसे कर्तव्य नसते. अशा ठिकाणी शाळेजवळच्या घराला थोडे जास्त पैसे द्यावेत का, हा प्रश्न अधिक प्रामाणिकपणे विचारता येतो, कारण त्यात भविष्यातील भाववाढीची भेसळ कमी असते.

कायद्यातला 'शेजार'

शाळेजवळ घर घेण्याची ओढ जगभर आहे. अमेरिकेत आणि चीनच्या मोठ्या शहरांत तर तिला रोकडा अर्थ आहे. तेथे सरकारी शाळांच्या हद्दी आखलेल्या असतात आणि त्या हद्दीत घर असेल तर त्या शाळेत प्रवेशाचा हक्क मिळतो. अर्थशास्त्रज्ञ सँड्रा ब्लॅक यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बोस्टनच्या उपनगरांत हद्दीच्या रेषेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या घरांची तुलना केली होती. चाचणीतील गुण पाच टक्क्यांनी अधिक असतील, तर पालक घरासाठी सुमारे अडीच टक्के अधिक किंमत मोजतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. तेथे घराच्या किमतीत शाळेतील जागेची किंमत दडलेली असते.

महाराष्ट्रात तशी व्यवस्था नाही. खासगी शाळेच्या फाटकासमोर घर घेतले म्हणून त्या शाळेत प्रवेश मिळालाच पाहिजे, असा कोणताही सर्वसाधारण नियम येथे अस्तित्वात नाही. शाळा आपल्या पद्धतीने प्रवेश देतात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ ने देणगी घेण्यास आणि मुलाची अथवा पालकांची निवडचाचणी घेण्यास मनाई केली आहे. परंतु घराच्या अंतराला सरसकट प्राधान्य देण्याचे बंधन त्या कलमात नाही. पुढे अकरावीला तर अंतराचा प्रश्नच उरत नाही. २०२५-२६ पासून अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया संपूर्ण राज्याला लागू झाली. आता पेण-रोह्यातील मुलालाही गुणवत्ता, राखीव जागा आणि पसंतीक्रम यांच्या आधारेच कनिष्ठ महाविद्यालय मिळते.

अंतराला कायद्याने महत्त्व दिले ते दोन ठिकाणी. पहिले ठिकाण म्हणजे विनाअनुदानित खासगी शाळांतील २५ टक्के राखीव जागा. या जागा दुर्बल आणि वंचित घटकांतील मुलांसाठी आहेत. दुर्बल घटकासाठी पालकांचे वार्षिक उत्पन्न १ लाख रुपयांच्या आत असावे लागते. अनुसूचित जाती-जमातींसारख्या वंचित गटांना उत्पन्नाची अट नाही. सोडतीत शाळेपासून एक किलोमीटरच्या आत राहणाऱ्या मुलाला आधी संधी मिळते, मग एक ते तीन किलोमीटरमधील मुलाला. म्हणजे ज्याला शेजाराचा कायदेशीर लाभ आहे, त्याच्यापैकी बहुतेकांची घर विकत घेण्याची ऐपत नसते. आणि ज्याची ती ऐपत असते, त्याला बहुधा हा लाभ नसतो. नोंदणीकृत भाडेकरारही येथे निवासाचा पुरावा म्हणून चालतो. तेव्हा केवळ या सोडतीसाठी कर्ज काढून घर घेण्यात शहाणपणा नाही.

या 'एक किलोमीटर'वरूनच २०२४ मध्ये राज्यात मोठा संघर्ष झाला. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी सरकारने नियमांत दुरुस्ती केली आणि सरकारी किंवा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आत असलेल्या खासगी विनाअनुदानित शाळांना २५ टक्क्यांच्या जबाबदारीतून मोकळे केले. पेण-रोह्यासारख्या गावांच्या दृष्टीने या दुरुस्तीचा अर्थ सरळ होता. आटोपशीर गावात नगरपरिषदेची, जिल्हा परिषदेची किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत नसलेली खासगी शाळा शोधावीच लागली असती. मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे २०२४ रोजी या दुरुस्तीला स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ रोजी ती रद्दच ठरवली. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्या निकालात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. गरिबाच्या मुलासाठी शेजारच्या खासगी शाळेचे दार उघडे राहिले ते न्यायालयामुळे.

जाहिरातीत नसलेली शाळा

अंतराला कायद्याने महत्त्व दिलेले दुसरे ठिकाण अधिक विचार करायला लावणारे आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ६ नुसार सरकार आणि स्थानिक प्राधिकरणाने प्रत्येक वस्तीच्या शेजारात शाळा उपलब्ध करून द्यायची आहे. महाराष्ट्राच्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर हे अंतर ठरवण्यात आले. या शाळेत शेजारच्या मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. देणगी नाही, मुलाखत नाही, शुल्क नाही. 'येथे घर आहे, म्हणून ही शाळा माझी' असे ज्या शाळेबाबत हक्काने म्हणता येते, ती एकमेव शाळा म्हणजे जिल्हा परिषदेची किंवा नगरपरिषदेची.

आणि नेमकी हीच शाळा घराच्या जाहिरातीत कधी नसते. माहितीपत्रकात इंग्रजी माध्यमाच्या शाळेचे नाव असते, तिचे बोधचिन्ह असते, ती किती मिनिटांवर आहे याचा आकडा असतो. पलीकडच्या गल्लीतील कौलारू प्राथमिक शाळा नकाशावरही दाखवलेली नसते. जेथे जवळिकीतून हक्क मिळतो, तेथे तिला किंमत नाही. आणि जेथे जवळिकीतून काहीही मिळण्याची हमी नाही, तेथे तिच्यासाठी लाखभर रुपये जास्त मोजले जातात. शाळेजवळच्या घराच्या बाजारातील हा मूळ विरोधाभास आहे.

त्याचे परिणाम घर घेणाऱ्या कुटुंबापुरते थांबत नाहीत. शिक्षकांची पदे पटसंख्येवर ठरतात. वस्तीतली ऐपतदार मुले व्हॅनमध्ये बसून दूर गेली, की शेजारच्या शाळेचा पट घटतो. पट घटला, की शिक्षक कमी होतात. शिक्षक कमी झाले, की उरलेले पालकही मूल काढून घेतात. राज्यात २० पेक्षा कमी पट असलेल्या शाळांची संख्या १४ हजार ७८३ असल्याची आकडेवारी समोर आली, तेव्हा २०२३ मध्ये शिक्षण विभागाने त्यांच्या जागी समूह शाळा काढण्याचे प्रस्ताव मागवले. त्यासाठी तोरणमाळ आणि पानशेतचे दाखले देण्यात आले. शिक्षक संघटना आणि पालकांनी त्याला विरोध केला, तो मुख्यतः अंतराच्या मुद्द्यावर. कोकणातील डोंगर-वाड्यांच्या प्रदेशात, पेणच्या पूर्वेकडील आदिवासी वाड्यांत किंवा रोह्याच्या दऱ्याखोऱ्यांत दोन-तीन किलोमीटर हे अंतर लहान मुलासाठी, विशेषतः मुलीसाठी, शाळा सुटण्याचे कारण ठरू शकते. शहरातला पालक अंतर कमी करण्यासाठी घर बदलू शकतो. वाडीतल्या पालकाकडे तो पर्याय नसतो. त्याच्यासाठी शाळेनेच जवळ असायला हवे.

कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात शेजारशाळेची कल्पना मांडली होती. एका वस्तीतील सर्व थरांतली मुले एकाच शाळेत शिकावीत, म्हणजे ती शाळा चांगली ठेवण्यात सर्वांचा स्वार्थ गुंतेल, असा तो विचार होता. तो प्रत्यक्षात आला असता, तर 'शाळेजवळ घर' हा प्रश्न इतका तीव्र झालाच नसता. कारण प्रत्येक घराजवळची शाळा पुरेशी चांगली असती.

या प्रदेशाला शाळेसाठी गाव सोडण्याची सवय जुनीच आहे. मूळचे रोह्याचे चिंतामणराव देशमुख १९१२ मध्ये मॅट्रिकच्या परीक्षेत मुंबई इलाख्यात पहिले आले. पण ते विद्यार्थी होते मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलचे. पेण तालुक्यातील गागोद्यात १८९५ मध्ये जन्मलेल्या विनोबांचे शालेय शिक्षण वडिलांच्या नोकरीमुळे बडोद्याला झाले. त्या काळी घर शाळेकडे जात असे. त्यानंतर गावोगावी निघालेल्या शिक्षणसंस्थांनी शाळा घराकडे आणली. आज प्रवाह पुन्हा उलट फिरू पाहतो आहे.

हप्त्याचा हिशेब

तत्त्वाची चर्चा बाजूला ठेवली, तरी रुपये-पैशांचे गणित मांडायलाच हवे. उदाहरणादाखल असे समजू, की शाळेलगतचा फ्लॅट तेवढ्याच आकाराच्या पण दोन किलोमीटर दूरच्या फ्लॅटपेक्षा ४ लाख रुपयांनी महाग आहे. हे ४ लाख २० वर्षांच्या गृहकर्जातून उभे केले आणि व्याजदर साडेआठ टक्के धरला, तर हप्त्यात दरमहा सुमारे ३ हजार ४७० रुपयांची भर पडते. २० वर्षांत ही जास्तीची रक्कम एकूण सुमारे ८ लाख ३३ हजारांवर जाते. आता दूरच्या घरातून मुलाला व्हॅनने पाठवण्याचा खर्च महिना १ हजार ५०० रुपये धरला, तर वर्षातील दहा महिन्यांचे १५ हजार आणि दहावीपर्यंतच्या दहा वर्षांचे दीड लाख होतात. भाडे पुढे दुप्पट झाले तरी हा आकडा ३ लाखांच्या पुढे जात नाही. दोन मुले असतील तर पारडे काहीसे झुकते. पण तरीही हप्त्याची बाजू जडच राहते.

शिवाय कर्जाची मुदत आणि शाळेची मुदत जुळत नाही. मूल पहिलीत जाताना घेतलेले कर्ज ते पदवीधर होऊन नोकरीला लागेपर्यंत फिटत असते. शाळेचा उपयोग मात्र निम्म्या काळातच संपतो. त्यानंतर घर विकून ती जास्तीची किंमत वसूल होईल, असे गृहीत धरणेही धाडसाचे आहे. जेथे हद्दीचा हक्क नाही, तेथे पुढचा खरेदीदार शाळेतील जागेसाठी पैसे मोजणार नाही, फक्त सोयीसाठी मोजेल. उद्या दुसरी शाळा अधिक नावारूपाला आली किंवा पहिलीचे व्यवस्थापन बदलले, तर ती सोयही राहणार नाही. शाळेचा लौकिक बहुतेकदा काही मोजक्या शिक्षकांवर उभा असतो आणि शिक्षक निवृत्त होतात.

दुसऱ्या पारड्यात मात्र एक गोष्ट आहे, जी रुपयांत मोजणे अवघड असते. ती म्हणजे वेळ. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० आणि सहावी ते आठवीसाठी २२० कामकाजाचे दिवस ठरवले आहेत. जाण्या-येण्यातली रोजची ४० मिनिटे वाचली, तर २०० दिवसांत १३३ तास होतात. सहा वर्षांच्या मुलासाठी ते झोपेचे आणि खेळाचे तास असतात, तर नोकरी करणाऱ्या आईसाठी सकाळच्या धावपळीतले. आजी-आजोबांनी मुलाला सोडावे-आणावे, असे ठरत असेल, तर चालत जाण्याजोगे अंतर ही चैन नसून गरज ठरते. ज्या घरात आई-वडील दोघेही सकाळच्या गाडीने पनवेलकडे निघतात, तेथे दूरच्या शाळेची एक चुकलेली व्हॅन म्हणजे एकाची बुडालेली रजा. अशा कुटुंबाने थोडे अधिक पैसे मोजले, तर तो अविचार म्हणता येणार नाही. प्रश्न एवढाच, की हे पैसे कशासाठी मोजले जात आहेत, याची जाणीव हवी.

कागदावरची शाळा

जाहिरातीतील शाळा दर वेळी अस्तित्वात असतेच असे नाही. 'प्रस्तावित शाळा' हा शब्दप्रयोग गृहप्रकल्पांच्या माहितीपत्रकात सर्रास आढळतो. विकास आराखड्यात एखादा भूखंड शाळेसाठी आरक्षित दाखवलेला असतो आणि विक्री प्रतिनिधी त्याकडे बोट दाखवतो. परंतु आरक्षण म्हणजे शाळा नव्हे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम १२७ नुसार आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन संपादित झाली नाही, तर मालक खरेदीची सूचना देऊ शकतो आणि त्यानंतर २४ महिन्यांत कार्यवाही न झाल्यास आरक्षण संपुष्टात येते. नगरपरिषदांच्या तिजोरीची अवस्था पाहता अशी आरक्षणे वर्षानुवर्षे कागदावरच राहतात. आज जेथे शाळेचे मैदान कल्पिले आहे, तेथे उद्या दुसरी इमारत उभी राहू शकते.

१ मे २०१७ पासून महारेराची व्यवस्था अस्तित्वात आहे. जाहिरातीतील किंवा माहितीपत्रकातील चुकीच्या विधानावर विसंबून ग्राहकाचे नुकसान झाले, तर रेरा कायद्याच्या कलम १२ नुसार भरपाई मागता येते. 'शाळा पाच मिनिटांवर' असे लिहिलेले माहितीपत्रक म्हणूनच जपून ठेवावे. मात्र ५०० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरील किंवा आठपर्यंत सदनिकांच्या प्रकल्पांना नोंदणीचे बंधन नाही. लहान गावांत अशा छोट्या इमारती पुष्कळ असतात. तेथे सात-बारा, बिनशेती आदेश, बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र हे कागद ग्राहकानेच वकिलाकरवी तपासून घेतलेले बरे.

जी दक्षता इमारतीबाबत, तीच शाळेबाबतही हवी. अनधिकृत शाळांची यादी शिक्षण विभाग वेळोवेळी जाहीर करतो. शाळेचा यू-डायस क्रमांक, मान्यतेचा आदेश, ती कोणत्या इयत्तेपर्यंत मान्यताप्राप्त आहे आणि कोणत्या मंडळाशी संलग्न आहे, ही माहिती मागण्याचा पालकांना अधिकार आहे. चौथीपर्यंतच मान्यता असलेल्या शाळेसाठी २० वर्षांचे कर्ज काढणे म्हणजे पाचवीत पुन्हा व्हॅन शोधणे.

किलोमीटर आणि कोकणचा पाऊस

नकाशावर मोजलेले अंतर आणि मुलाने तुडवलेले अंतर यांत कोकणात मोठी तफावत असते. राखीव जागांच्या ऑनलाइन प्रक्रियेत नकाशावरील हवाई अंतर धरले जाते. कुंडलिकेच्या एका तीरावर रोहा आणि दुसऱ्या तीरावर अष्टमी. हवाई अंतर अर्धा किलोमीटर दिसत असले, तरी पायी जाणाऱ्याला पुलाचा वळसा चुकत नाही. पेणमध्ये भोगावती आहे, महामार्ग आहे आणि रेल्वेमार्गही आहे. पनवेलजवळच्या पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या चौपदरीकरणाचे काम २०११ मध्ये सुरू झाले आणि त्याच्या दिरंगाईची कहाणी सर्वश्रुत आहे. रुंदावलेला महामार्ग ओलांडून मुलाला एकटे शाळेत पाठवायला किती पालक धजावतील? महामार्गापलीकडची अर्ध्या किलोमीटरवरची शाळा ही अलीकडच्या दीड किलोमीटरवरच्या शाळेपेक्षा दूरच समजली पाहिजे.

मग पाऊस. अतिवृष्टीच्या इशाऱ्यानंतर जिल्हाधिकारी शाळांना सुट्टी जाहीर करतात, हे रायगडमधील प्रत्येक पालकाच्या परिचयाचे आहे. पण सुट्टी जाहीर होते ती कधी कधी मूल शाळेत पोहोचल्यानंतर. अशा दिवशी घर चालण्याच्या अंतरावर असण्याचे मोल कळते; आणि तेच घर पूररेषेच्या आत असेल, तर शाळेच्या जवळिकीचे कौतुक तेथेच संपते. त्यामुळे घर पाहायला उन्हाळ्याच्या सुट्टीत जाण्यापेक्षा जुलैतल्या एखाद्या सोमवारी, शाळा भरण्याच्या वेळी जावे. गल्लीत पाणी किती साचते, रिक्षा आणि व्हॅनची कोंडी किती होते, प्रार्थनेचा ध्वनिक्षेपक किती ऐकू येतो, हे सारे तेव्हाच कळते. शाळेच्या १०० यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थांची विक्री करायला कायद्याने बंदी आहे. तिचे पालन होते की नाही, हे पाहिले तरी त्या परिसराच्या शिस्तीचा अंदाज येतो.

अंतर कमी करण्याचा स्वस्त उपाय सरकारच्या हाती आहे आणि तो काही प्रमाणात वापरलाही जातो. एसटीच्या अहिल्याबाई होळकर योजनेत ग्रामीण भागातील मुलींना बारावीपर्यंत मोफत प्रवास करता येतो. इतर विद्यार्थ्यांना मासिक पासात ६६ टक्क्यांहून अधिक सवलत आहे. शाळेच्या वेळेला धरून सुटणारी एक भरवशाची एसटी अनेक कुटुंबांचे लाखो रुपये वाचवू शकते. फेरी रद्द झाली, की तिची किंमत पालकच मोजतात. कोणी व्हॅनच्या भाड्यातून, तर कोणी घराच्या हप्त्यातून.

आधी शाळा, मग भाडे, मग घर

या सर्व बाबींचा मेळ घालता एक क्रम सुचतो. आधी शाळा निश्चित करावी आणि प्रवेश हातात पडू द्यावा. मग त्या परिसरात अकरा महिन्यांच्या नोंदणीकृत भाडेकरारावर राहून पाहावे. एक पावसाळा आणि एक शैक्षणिक वर्ष काढल्यावर शाळा मुलाला मानवते का, गाव कुटुंबाला मानवते का, याचा उलगडा होतो. खरेदीचा विचार त्यानंतर. त्या वेळीही घराची निवड पाणी, पूररेषा, कागदपत्रे, नोकरीचे ठिकाण आणि दवाखाना या कसोट्यांवर व्हावी. शाळा ही त्यातली एक कसोटी असावी, एकमेव नव्हे. सारख्याच किमतीच्या दोन घरांपैकी शाळेजवळचे घेणे केव्हाही योग्य. जवळिकीसाठी वेगळे पैसे मोजायचे असतील, तर व्हॅनच्या दहा वर्षांच्या भाड्याइतकी रक्कम ही त्याची मर्यादा मानावी.

शेवटी एक गोष्ट उरते, ती कोणत्याही हिशेबात बसत नाही. पेण किंवा रोह्यात नव्याने राहायला येणाऱ्या कुटुंबाने शेजारच्या नगरपरिषद किंवा जिल्हा परिषद शाळेत एकदा जाऊन यावे. मूल तेथे घालायचेच, असा आग्रह कोणी धरू शकत नाही. पण वर्ग पाहावा, शिक्षकांशी बोलावे, पट विचारावा. राज्यात अशा काही शाळांनी मेहनती शिक्षकांच्या बळावर इंग्रजी शाळांकडे गेलेली मुले परत आणली आहेत. ती शाळा चांगली निघाली, तर घरासाठी जास्तीचे काही लाख मोजण्याची गरजच उरत नाही. आणि ती चांगली नसली, तर ती का नाही, हा प्रश्न नगरपरिषदेला विचारण्याचा अधिकार त्या गावात घर घेणाऱ्या प्रत्येकाला असतो. घराच्या किमतीत समाविष्ट असलेला आणि जाहिरातीत कधीच न छापला जाणारा हा हक्क आहे. तो जितके लोक बजावतील, तितकी प्रत्येक घराजवळची शाळा सुधारेल आणि शाळेजवळच्या घराचा भाव तितकाच उतरेल.